घोड्याचं आतडं अडतं तेव्हा

सायखेड्यात गोदावरीच्या काठाने कांदा निघालेल्या वावरात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं खताला बसवलेली. बिऱ्हाड वाहणारी तांबडी घोडी मात्र पहाटेपासून वैरणीला तोंड लावत नव्हती. मी पोचलो तेव्हा ती पुढच्या पायाने माती उकरत होती आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. मान घामाने भिजलेली, कान गार. कुशीला कान लावला तर एरवी आत जी गुडगुड चालू असते ती जवळजवळ थांबलेली.

वाड्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "डॉक्टर, गेल्या साली गावातल्या गाईच्या पोटातून पाटीभर प्लास्टिक काढलं तुम्ही लोकांनी. गाय उभी होती. दुसऱ्या दिवशी चारा खात होती. मग घोडीचं पोट फाडायला का भिता?"

प्रश्न रास्त होता. गोदाकाठच्या गावांत हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला आणि दर वेळी उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देऊन मी निघालो. पूर्ण उत्तर द्यायचं तर घोड्याच्या पोटापासून सुरुवात करायला हवी.

गाईचं पहिलं मोठं पोट डाव्या कुशीला अगदी चिकटून असतं. कुशीत जागा बधिर करायची, उभ्या गाईला चीर द्यायची, पोटाची भिंत कातड्याला टाचून घ्यायची आणि हात घालून प्लास्टिक, तारा, खिळे काढायचे. घाण आत सांडत नाही, आणि थोडी सांडली तरी गाईचं शरीर ती जागा बांधून टाकतं. तालुक्याच्या दवाखान्यातला अनुभवी डॉक्टर हे काम करतो. घोड्याची रचना वेगळी. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याच्या तोंडाशी स्नायूंची इतकी घट्ट मूठ की घोड्याला ओकारी होतच नाही. पुढे वीस-बावीस मीटर लहान आतडं. मग सुमारे तीस लिटर मावेल असं आंधळं आतडं. त्यानंतर तीन-चार मीटरचं मोठं आतडं, ज्यात सत्तर-ऐंशी लिटर ऐवज बसतो. कडबा आणि गवत आंबून पचतं ते इथे.

हे मोठं आतडं पोटात दुहेरी घडी घालून पडलेलं असतं आणि फक्त मुळाशी शरीराला बांधलेलं असतं. बाकी सगळं मोकळं. शिवाय ओटीपोटाजवळ ते अचानक वळतं आणि तिथेच अरुंद होतं. नदीच्या वळणावर गाळ साचतो तशी सुकी लीद तिथे साचते. म्हणजे अडायला जागा आहे, पीळ पडायला मोकळीक आहे, आणि वर ओकून टाकायची सोय नाही. पोट फुगलं तर जठर फुटूनच मोकळं होतं.

पोटदुखी म्हणजे एक आजार नव्हे. घोडा लोळतो ही खूण तेवढी समान, आतली कारणं डझनभर. वाळलेल्या चाऱ्याचा बोळा अडतो. नदीकाठच्या रेताड जमिनीवर दाणा टाकला की वाळू पोटात जाऊन बसते. हा धोका आमच्या काठाला खरा आहे. जंतांचे गुंडाळे होतात, आतड्यात आतडं शिरतं. म्हाताऱ्या घोड्यात चरबीची गाठ देठाला लोंबत असते आणि तो देठ दोरीसारखा आतड्याभोवती आवळतो. लाकूड धरून हवा गिळायची खोड असलेल्या घोड्याचं लहान आतडं यकृताजवळच्या एका फटीत अडकण्याची शक्यता जास्त असते. अंडील घोड्याचं आतडं जांघेतून खाली उतरतं. व्यालेल्या घोडीच्या पोटात एकदम जागा होते आणि पुढच्या काही आठवड्यांत मोठं आतडं पूर्ण पीळ घेतं. आणि आजकाल नायलॉन. कांद्याच्या जाळीच्या गोण्या आणि द्राक्षबागेतली प्लास्टिकची दोरी निफाड तालुक्यात कुठेही पडलेली दिसते. मोकाट चरणारं तट्टू ती चाऱ्याबरोबर गिळतं, आणि आतड्यात तिच्याभोवती लिदीचा थर चढत जातो.

या सगळ्यांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात वाट बंद, पण आतड्याचं रक्त चालू. दुसऱ्यात वाटही बंद आणि रक्तही बंद. पहिल्याला दिवस मिळतात, दुसऱ्याला तास. रक्त पूर्ण तुटलं की तीन-चार तासांत आतड्याचं आतलं अस्तर मरायला लागतं. मग आतड्यातल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं आणि घोडा त्या विषाने मरतो.

तांबड्या घोडीच्या गुदमार्गातून हात घातला तर ओटीपोटाच्या कडेशी, बरोबर त्या वळणावर, मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला. बोटाने दाबला की खळगा पडत होता. नाडी मिनिटाला बावन्न. एरवी ती अठ्ठावीस ते चव्वेचाळीसच्या दरम्यान असते, साठच्या वर गेली की काळजी, ऐंशीच्या वर म्हणजे बहुतेकदा आत काहीतरी मेलेलं. हिरड्या गुलाबी, बोटाने दाबल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येत होता. नाकातून जठरापर्यंत नळी सरकवली, उलट काही आलं नाही. म्हणजे पुढचं लहान आतडं मोकळं होतं. त्याच नळीतून कोमट पाणी दिलं, दर काही तासांनी, आणि सोबत मीठ. वैरण बंद. कळ कमी करायला एकच इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीने लीद टाकली. आधी सुकी, काळपट, मग मऊ. बाबांनी ती काडीने उकरून बघितली आणि काही न बोलता घोडीच्या कपाळावर हात फिरवला.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना ही घोडी आधी सांगितली, कारण पोट दुखणाऱ्या बहुसंख्य घोड्यांना सुरी लागत नाही. अमेरिकेत १९९८च्या सुमारास झालेल्या मोठ्या पाहणीत शंभर घोड्यांमागे वर्षाला चारच्या आसपास पोटदुखीचे प्रसंग आढळले. त्यांतल्या अकरा टक्क्यांत घोडा दगावला, आणि शस्त्रक्रिया झाली ती शंभर प्रसंगांत एक-दोनदाच. मोठ्या रुग्णालयांत अवघड घोडेच पाठवले जातात, तिथे हे प्रमाण अर्थातच खूप जास्त असतं. खरं कौशल्य आहे ते त्या थोड्यांना ओळखण्यात, आणि वेळेत ओळखण्यात.

ओळखायचं कसं, यावर जगभरच्या पशुवैद्यकांचं आता बऱ्यापैकी एकमत आहे. औषध देऊनही परत येणारी कळ ही सर्वांत मोठी खूण. त्याखालोखाल नाकातल्या नळीतून उलट येणारं लिटरवारी आंबट पाणी. हाताला लागणारी लहान आतड्याची फुगलेली वेटोळी. चढत जाणारी नाडी. पोटाच्या खालच्या बाजूने सुई घालून काढलेलं पाणी निरोगी घोड्यात गवताच्या काडीसारखं पिवळसर आणि स्वच्छ असतं, आतडं आवळलं गेलं असेल तर लालसर, गढूळ. रक्त तुटलेल्या आतड्यात वाढणारं लॅक्टेट त्या पाण्यात रक्तातल्यापेक्षा खूप वर गेलं की शंका फारशी उरत नाही. सोनोग्राफीने आतड्याची जाडी आणि हालचाल दिसते. यातल्या बऱ्याच गोष्टींना नळी, हातमोजा, घड्याळ आणि सुई एवढंच लागतं. ज्या तालुक्यात घोडे आहेत त्या तालुक्याच्या दवाखान्यात घोड्याची नळी नसणं मला कधीच पटलेलं नाही.

वेळेत ओळखण्याचं मोल एकदा लग्नसराईत एका घोडीने मला फार कडवटपणे शिकवलं. रात्री वरातीत नाचवलेली घोडी. पाहुण्यांनी बुंदीपासून पोळीपर्यंत सगळं भरवलेलं, पाणी मात्र दुपारनंतर कुणी दाखवलेलं नाही. पहाटे ती लोळायला लागली. मला बोलावणं आलं ते दुपारी. तोवर कुणीतरी तीनदा कळ मारायचं इंजेक्शन देऊन गेलं होतं. दर वेळी घोडी तासाभराने शांत झाली आणि दर वेळी मालकाला वाटलं, उतार पडला. फ्लुनिक्सिन हे कळ मारणारं औषध उत्तम आहे, पण ते दुखणं झाकतं, पीळ सोडवत नाही. मी हिरड्या बघितल्या तर दातांच्या कडेने जांभळी रेघ होती. पोटातलं पाणी लाल आलं. पुण्याला न्या म्हणालो. टेम्पो सिन्नरवरून निघाला आणि संगमनेरच्या अलीकडे घोडी पडली ती उठली नाही. सकाळी सात वाजता निघाला असता तर ती वाचली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिला संधी मिळाली असती.

वेळेत पोचलेल्या घोड्याचं पुढे काय होतं?

आधी त्याला भूल. शिरेतून औषध दिलं की चारशे-पाचशे किलोचं धूड गादी लावलेल्या भिंतीशी टेकवून हळू खाली बसवतात. घशात नळी जाते, चारही पायांना पट्टे लावून यारीने उचलतात आणि टेबलावर उताणं ठेवतात. आयसोफ्लुरेनसारख्या वायूवर भूल चालू राहते. घोडा उताणा झोपवणं हीच मोठी जोखीम. आतड्यांचं वजन फुप्फुसांवर आणि मोठ्या शिरांवर येतं, रक्तदाब उतरतो, खालचे स्नायू चेंगरतात. चांगल्या निरोगी घोड्यालाही पूर्ण भूल दिली तर शंभरात जवळपास एक दगावतो, असे आकडे दीर्घकाळ नोंदवले गेले, अलीकडे ते थोडे सुधारले. पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका कित्येक पटींनी जास्त. माणसात भुलीने मरण्याची भीती लाखांच्या हिशोबात मोजतात. यावरून बाबांच्या प्रश्नातल्या 'का भिता' या शब्दांचं वजन कळेल.

पोटाच्या मधोमध, बेंबीपासून पुढे, वीतभराहून मोठी चीर देतात. स्नायू कापायचे नाहीत, मधली पांढरी रेषा तेवढी उघडायची. शल्यविशारद आधी आंधळं आतडं शोधतो. ते सापडलं की नकाशा सापडला, कारण तिथून मागे लहान आतड्याकडे आणि पुढे मोठ्या आतड्याकडे जाता येतं. वळणावर बोळा अडला असेल तर मोठं आतडं बाहेर काढून बाजूच्या ताटासारख्या टेबलावर लांब ठेवतात, वळणावर छोटी चीर देतात आणि एका नळीने पाणी सोडत आतला सगळा ऐवज धुऊन काढतात. बादल्याच्या बादल्या भरतात. मग चीर दुहेरी टाक्यांनी बंद. हे काम मेहनतीचं, पण निकाल चांगला.

पीळ असेल तर आधी पीळ सोडवायचा आणि थांबायचं. पाच-दहा मिनिटं आतड्याचा रंग बघत उभं राहायचं. काळसर जांभळं आतडं हळूहळू गुलाबी झालं, बोटाने टिचकी मारल्यावर आकसलं, तर ते ठेवायचं. नाही झालं तर कापायचं आणि दोन्ही निरोगी टोकं जोडायची. लहान आतड्याचा जवळजवळ अर्धा भाग काढूनही घोडा जगू शकतो. मोठं आतडं मुळापासून काळं पडलेलं असेल, तर टेबलावरच कायमची झोप देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय मालकाशी आधी बोलून ठेवलेला असावा. रात्री दोन वाजता फोनवर तो घेणं दोघांनाही जड जातं.

आणि मग उठणं. ऑपरेशन संपलं की बाहेरच्या माणसाला सुटल्यासारखं वाटतं, घोड्याच्या डॉक्टरला नाही. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. अर्धवट शुद्धीत तो घाबरून उठायला बघतो, पाय लटपटतात, आपटतो, आणि धडपडीत पायाचं हाड मोडतं. म्हणून सगळीकडून गाद्या लावलेली अंधारी खोली, डोक्याला आणि शेपटीला दोर, आणि दोर सावरणारी शांत माणसं. ती पंधरा-वीस मिनिटं सगळ्या ऑपरेशनपेक्षा लांब वाटतात.

पुढचे पाच-सात दिवस सलाईन, तेही बादलीच्या हिशोबाने. आतडं हलायला तयार नसतं, म्हणून नळीने जठर दर काही तासांनी रिकामं करावं लागतं. विष पायात उतरून खुरांच्या आतले थर सुटतात आणि आतडं वाचलेला घोडा पायाने जातो. टाके पिकतात, नंतर हर्निया होतो. लहान शिंगराच्या पोटात आतडी एकमेकांना चिकटतात. मूठभर हिरवं गवत, थोडं थोडं, मग हळूहळू वैरण. महिना-दीड महिना ठाणावरच, त्यानंतर छोट्या कुंपणात. कामाला लागायला तीन महिने तरी. एवढं सगळं पार करून भुलीतून उठलेल्या घोड्यांपैकी चांगल्या रुग्णालयातून शंभरात सत्तर ते पंच्याऐंशी घरी जातात. लहान आतडं कापावं लागलं तर आकडा खाली येतो, नुसता बोळा धुतला तर वर जातो.

या शास्त्राचं वय फार नाही. इंग्लंडचा कधीही न हरलेला शर्यतीचा घोडा एक्लिप्स फेब्रुवारी १७८९मध्ये पोटदुखीने मेला. त्याचं शवविच्छेदन करणारे फ्रेंच पशुवैद्य सेंबेल पुढे १७९१मध्ये निघालेल्या लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राध्यापक झाले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी शालिहोत्राच्या नावाने घोड्यांचं वैद्यक लिहिलं गेलं होतं, आणि पागेतल्या घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत ते त्यावरूनच. पण पोट उघडून घोडा जगवणं जमू लागलं ते हॅलोथेनसारखी भूल आल्यावर, १९६० आणि ७०च्या दशकांत. १९८२मध्ये अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात घोड्याच्या पोटदुखीवर पहिली जागतिक परिषद भरली, तिथून नोंदी आणि तुलना सुरू झाली. त्याच काळात आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध बाजारात आलं. त्याने आतड्याच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंतांचा उपद्रव इतका कमी केला की पोटदुखीचा एक अख्खा प्रकार दुर्मीळ झाला. माझ्या मते घोड्यांचे जीव सुरीपेक्षा त्या औषधाने अधिक वाचवले असतील.

महाराष्ट्रात परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून आहे, महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३चं, पुण्याचं त्याहून जुनं. शर्यतीचे घोडे आणि पुण्याजवळचे स्टड फार्म यांच्यामुळे घोड्यांची उत्तम वैद्यकी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात जमली. देशात लुधियाना आणि चेन्नईच्या पशुवैद्यकीय विद्यापीठांतही घोड्याच्या पोटाच्या शस्त्रक्रिया होतात. पण घोडे फक्त तिथे नाहीत. येवल्याचा घोडेबाजार आमच्याच नाशिक जिल्ह्यातला. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. माथेरानमध्ये चारशेहून अधिक घोडे माणसं वाहतात. धनगरांचं बिऱ्हाड ज्या तट्टांवर फिरतं त्या भीमथडी घोड्यांची कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आणि दुसरीकडे २०१९च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाखांवर आले, २०१२च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून जास्त घट. जी जात जपायची म्हणून कागदावर नोंदवली, तिच्या एका घोडीला पीळ पडला तर सायखेड्याहून पुण्याचा रस्ता पाच-सहा तासांचा आहे. आतड्याकडे तेवढा वेळ नसतो.

उघड्यावर, नुसत्या इंजेक्शनच्या भुलीवर पोट उघडता येईल का? येतं. तीन औषधांचं मिश्रण सलाईनमधून थेंब थेंब देऊन तासभर घोडा झोपवता येतो, आणि अगतिक परिस्थितीत असं केलंही जातं. लहान तट्टू, साधा बोळा, हातात अनुभव, असं असेल तर त्याला मी विरोध करणार नाही. मात्र आतडं कापून जोडायचं असेल तर तास पुरत नाही. गोठ्यात ही शस्त्रक्रिया करू म्हणणाऱ्याने ऑपरेशननंतरच्या सात दिवसांचं सलाईन, नळी आणि राखण कोण करणार हे आधी सांगावं.

खर्च हा शेवटचा आणि खरा अडसर. शर्यतीच्या घोड्याच्या किमतीपुढे रुग्णालयाचं बिल लहान असतं. बिऱ्हाडाच्या तट्टाच्या बाबतीत ते तट्टाच्या किमतीहून मोठं होतं. पशुधन विम्यात ओझं वाहणारे घोडे, गाढवं, खेचरं बसतात, पण वाड्यावरच्या माणसापर्यंत ही माहिती क्वचित पोचलेली मी पाहिली. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या संवर्धनाचा समावेश केला. त्यातला थोडा पैसा पैदास केंद्रांबरोबर उत्तर महाराष्ट्रात घोड्याच्या शस्त्रक्रियेच्या एका ठिकाणावर खर्च व्हावा. एक यारी, एक भुलीचं यंत्र, दोन गादीच्या खोल्या आणि रात्रभर जागणारी चार शिकलेली माणसं. नाशिक त्याला सोयीचं आहे. येवला, सारंगखेडा, शिर्डी, सगळ्यांना ते पुण्यापेक्षा जवळ.

तोवर जे हातात आहे ते असं. वैरण चिरून, भिजवून द्या. दाणा जमिनीवर टाकू नका, टोपलीत द्या. कांद्याच्या गोण्या आणि बागेतली दोरी उचला. कांदाही घोड्याला घालू नका, त्याने रक्त नासतं. थंडीत आणि वरातीत पाणी दाखवायला विसरू नका. वर्षातून एकदा दात बघून घ्या. घोडं लोळू लागलं तर बांबूच्या नळ्याने तोंडातून तेल अजिबात ओतू नका, ते फुप्फुसात जातं आणि पोटाने वाचणारं जनावर छातीने मरतं. हळू चालवा, दमवू नका. लोळल्याने पीळ पडतो असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा पीळ पडलेला असतो म्हणून ते लोळतं. दुसऱ्या इंजेक्शनची पाळी आली तर ती वाट बघायची नव्हे, टेम्पो बोलवायची वेळ आहे.

आणि घोडं पहिल्यांदा कुशीकडे बघेल तेव्हा घड्याळ बघून ती वेळ खडूने भिंतीवर लिहा, मग १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकाला किंवा आपल्या डॉक्टरला फोन लावा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर ठरतील.